भेडाघाटची आग्या मोहोळे

जबलपूरजवळच्या भेडाघाटात नर्मदेच्या संगमरवरी कड्यांना लोंबणारी आग्या मोहोळे, म्हणजे उघड्यावर एकच मोठे पोळे बांधणाऱ्या मधमाश्यांच्या वसाहती, कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांच्या 1871 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या ग्रंथात भेटतात. माश्यांपासून सुटण्यासाठी पाण्याचा आसरा घेणारा एक रेल्वे अभियंता बुडाल्याची हकिकतही त्यात आहे. शिकाऱ्याच्या लेखणीतून उतरलेली ही नोंद शास्त्रीय नसली, तरी स्थळ आणि वर्तन दोन्ही टिपत असल्याने मोलाची ठरते. अशा विखुरलेल्या निरीक्षणांना हक्काचे व्यासपीठ पुढे 1883 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाने दिले. अभियंत्याची ती हकिकत लक्षात ठेवून, फाल्गुनात पळस-सावरीच्या बहरावर आग्या माश्या टिपू पाहणाऱ्या छायाचित्रकाराने मात्र दूरचे भिंगच वापरावे.