रोख्याच्या पाठीमागे

इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध पेटलेला उठाव पाहता पाहता घोड नदी ओलांडून, आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला, तेव्हा रयतेचा मुख्य रोख सावकाराच्या दागदागिन्यांपेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे, गहाणखते आणि दिवाणी न्यायालयांचे हुकूमनामे बाहेर काढून जाळावेत, एवढीच बहुतेक गावांची मागणी होती, आणि जेथे ही कागदपत्रे निमूटपणे स्वाधीन झाली तेथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. अक्षरशत्रू माणसांच्या जमावाने अक्षरांवर इतका नेमका क्रोध का धरावा, याचा विचार केल्यावाचून हा उठाव समजत नाही.

ज्या व्यवस्थेने त्यांना या टोकाला आणले ती बेकायदेशीर नव्हती, हीच त्यातील खरी विदारक गोष्ट. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये, हा दामदुप्पटीचा दंडक आपल्या धर्मशास्त्रात आणि लोकव्यवहारात पूर्वापार होता. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या रोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा आणण्याचे बंधन घातले, आणि ऋणकोच्या हितार्थ केलेली ही तरतूद त्याच्याच गळ्याला फास झाली. कारण मुदत संपत आली की सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून मिळवी, आणि त्या नव्या मुद्दलावर दामदुप्पटीची गणना पुन्हा आरंभापासून सुरू होई. कुळ खाली नांगराची निशाणी करून मोकळे होई. पुढे दावा लागला की समन्स कधी पोहोचे, कधी पोहोचत नसे. पोहोचले तरी तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बोलावे काय, हे त्याला उमगत नसे. मुन्सफासमोर एक वादी, एक निशाणी केलेला कागद आणि एक रिकामी जागा असे. तो एकतर्फी हुकूमनामा देई, आणि त्याच्या आधारे जप्ती येई. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला आलेला भाव १८६५ नंतर कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला, आणि मग या यंत्रणेचे चाक अधिकच वेगाने फिरू लागले.

या उठावाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगात मतभेद झाले. ऑकलंड कॉल्विन यांनी साऱ्याच्या आकारणीला जो दोष दिला तो त्यांच्या सहकाऱ्यांनी तितक्या स्पष्टपणे मान्य केला नाही; मला मात्र कॉल्विन यांचे म्हणणे अधिक सरळ वाटते, कारण राज्यकर्त्यांनी आपला वाटा वगळून केवळ सावकाराकडे बोट दाखवणे सोपे होते. तरीही या चौकशीतून १८७९ चा जो सतरावा कायदा, अर्थात डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता निर्माण झाला, त्याची रचना आजही आदराने पाहावी अशी आहे.

रोखा हाच पुरावा मानून थांबू नये, त्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि व्याजाचे मुद्दलात केलेले रूपांतर मोजू नये, अशी आज्ञा या कायद्याने न्यायालयांना केली. प्रतिवादीला बोलावून प्रत्यक्ष तपासण्याचे कर्तव्य मुन्सफावर आले. शेतकऱ्याचे दस्तऐवज गावनोंदणी अधिकाऱ्यासमोरच लिहिले जावेत, त्याला पावती, वार्षिक हिशेब आणि मागितल्यास खातेपुस्तक मिळावे, कर्जापायी त्याला कैद होऊ नये आणि विशेष गहाण न दिलेली जमीन विकली जाऊ नये, अशीही कलमे त्यात होती. पारदर्शकता, न्याय्यता, निर्णयाचे कारण सांगण्याचे दायित्व, मनुष्याने मनुष्याला ऐकून घेण्याचे बंधन, ही सारी तत्त्वे सुज्ञांच्या तोंडी त्यापूर्वीही होतीच. १८७९ मध्ये त्यांना अंमलदार मिळाला, कलम मिळाले आणि कसुरीचा परिणाम मिळाला.

तथापि तत्त्वे आणि अंमल यांचा संबंध एकदा जुळवला म्हणजे संपला असे होत नाही. गहाणावर बंधने येताच सावकार गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले. कागदावर विक्री, व्यवहारात गहाण. अखेर तोंडी पुराव्याने खरा व्यवहार सिद्ध करता यावा म्हणून कायद्यातच दुरुस्ती करावी लागली. ही पळवाट उघडकीस येण्यासाठी कोणीतरी दप्तरे सतत पाहत राहणे अवश्य होते, आणि येथेच या कायद्याची सर्वांत दूरदर्शी योजना दिसते. त्याने पुष्कळ दाव्यांत अपिलाचा मार्ग बंद केला, कारण अपिलाचा खर्च गरिबाला पेलत नाही. पण त्या बदली दुय्यम न्यायालयांची दप्तरे तपासून चुकीचा निवाडा फिरवण्याचा अधिकार स्पेशल जज्जाला दिला. महादेव गोविंद रानडे यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वी हे पद भूषवले होते.

आज कर्ज द्यावे की नाही, याचा कौल कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे देऊ लागली असताना हा इतिहास मला जुना वाटत नाही. युरोपीय संघाने २०२४ च्या आपल्या कायद्यात व्यक्तीची पत ठरवणाऱ्या अशा यंत्रणा अतिजोखमीच्या वर्गात घातल्या आहेत. भारत सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत विश्वास, न्याय्यता, उत्तरदायित्व, सुबोधता आदी सात सूत्रे सांगितली आहेत, आणि ती उत्तम आहेत. परंतु त्या सूचना स्वतः कायदा नव्हेत, आणि नवा स्वतंत्र कायदा तूर्त करू नये असाच त्यांचा कल आहे. नुसती सूत्रे किती पुरतात, हे दामदुप्पटीच्या दंडकाचे जे झाले त्यावरून अहिल्यानगर जिल्ह्याला ठाऊक आहे. आणि तत्त्वशून्य अंमल काय करतो, हे एकतर्फी हुकूमनाम्यांनी दाखवलेच आहे. आपला अर्ज कोणत्या कारणाने नाकारला गेला हेच ज्याला कळत नाही, त्या पारनेरच्या शेतकऱ्याकडून तक्रारीची अपेक्षा करणे व्यर्थ होय. म्हणून तक्रारीची वाट न पाहता त्या यंत्राचे दप्तर उघडणारा, त्याने कोणती माहिती कशी तोलली याचा हिशेब मराठीत मागणारा आणि चुकीचा कौल स्वतःच्या सहीने फिरवणारा अधिकारी, रानड्यांच्या त्या पदासारख्या पूर्ण अधिकारांसह, जिल्ह्याजिल्ह्यांसाठी नेमला जावा, आणि त्याचे अधिकार सूचनांऐवजी कायद्याच्या कलमांत लिहिले जावेत, असे मी आग्रहाने म्हणतो.