रिबोसोमी आरएनए
रिबोसोमी आरएनए : कोशिकेतील (पेशीतील) प्रथिनांचे संश्लेषण ज्या सूक्ष्म कणांवर होते, त्या रिबोसोमांचा प्रमुख घटक. एश्चेरिकिया कोलाय या जंतूच्या रिबोसोमाच्या वस्तुमानाचा सु. दोन-तृतीयांश भाग आरएनएचा व उरलेला प्रथिनांचा असतो. त्याच्या लहान उपएककात १,५४२ न्यूक्लिओटाइडांचा १६एस आरएनए, तर मोठ्या उपएककात २,९०४ न्यूक्लिओटाइडांचा २३एस व १२० न्यूक्लिओटाइडांचा ५एस आरएनए असतो (एस हे केंद्रोत्सारणातील अवसादनाचे एकक आहे).

जी. ई. पॅलेड यांनी १९५५ मध्ये हे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले. प्रथिनाच्या रचनेचा संदेश याच आरएनएत असावा, असे प्रारंभी मानले जाई. १९६१ मध्ये संदेशवाही आरएनएचा शोध लागल्यावर ही कल्पना मागे पडली आणि रिबोसोमी आरएनए म्हणजे प्रथिने बसविण्याचा केवळ सांगाडा, असे मत रूढ झाले. ॲमिनो अम्ले परस्परांस जोडणाऱ्या प्रथिनाचा शोध त्यानंतर दीर्घकाळ चालू राहिला. आद्य रिबोसोम केवळ आरएनएचाच असू शकेल, हा एफ्. एच्. सी. क्रिक यांचा १९६८ मधील तर्क तर्काच्याच पातळीवर राहिला.

या मताला पहिला मोठा धक्का १९७१ मध्ये बसला. एश्चेरिकियाचे काही वाण कोलिसीन ई३ हे विषारी प्रथिन तयार करतात. ते १६एस आरएनएच्या साखळीत ३' टोकापासून ४९ न्यूक्लिओटाइडे सोडून एकच छेद घेते आणि तेवढ्याने रिबोसोमाचे कार्य बंद पडते. १९७४ मध्ये जे. शाइन व एल्. डालगार्नो यांनी याच टोकाकडील एक लहान क्रम संदेशवाही आरएनएतील आरंभस्थानाच्या अलीकडील क्रमाला पूरक असल्याचे दाखविले. या जोडणीमुळे वाचन योग्य ठिकाणी सुरू होण्यास मदत होते. असा पुरावा हाताशी असूनही त्याला बराच काळ अपवादाचे स्थान मिळाले, कारण एंझाइम म्हणजे प्रथिन हे समीकरण सर्वमान्य होते. टी. आर. चेक यांनी १९८२ मध्ये आरएनएचे उत्प्रेरक कार्य सिद्ध केल्यावरच ते ढळले.

दरम्यान एच्. एफ्. नॉलर, सी. आर. वोझ व त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या जातींतील क्रमांची तुलना करून साखळीच्या घड्या निश्चित केल्या. एका जागचा क्षारक बदललेला असता त्याच्या जोडीदाराच्या जागीही अनुरूप बदल आढळला, तर ती जोडी खरी, ही त्यांची कसोटी होती. १९९२ मध्ये नॉलर यांनी मोठ्या उपएककातील बहुतेक प्रथिने काढून टाकल्यावरही पेप्टाइड बंध जोडण्याची क्रिया टिकून राहते, असे दाखविले. तथापि काही प्रथिने शिल्लक राहिल्यामुळे हा पुरावा निर्णायक ठरला नाही.

निर्णय २००० मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने दिला. टी. ए. स्टाइट्झ व पी. बी. मूर यांच्या गटाने हॅलोआर्क्युला या आर्कियातील मोठ्या उपएककाची संरचना २·४ अँगस्ट्रॉमपर्यंत उलगडली (१ अँगस्ट्रॉम = १०⁻⁸ सेंमी.). पेप्टाइड बंध जुळतो त्या जागेपासून सु. १८ अँगस्ट्रॉम अंतरात एकही प्रथिन आढळले नाही. या ठिकाणच्या एका विशिष्ट ॲडेनिनाला प्रारंभी मुख्य उत्प्रेरक मानले गेले. पण उत्परिवर्तनांच्या अभ्यासाने ते टिकले नाही. आरएनए दोन वाहक आरएनएंची टोके अचूक स्थितीत धरतो, यातच त्याच्या उत्प्रेरणाचा मोठा भाग आहे.

लहान उपएककाची संरचना व्ही. रामकृष्णन् व ए. ई. योनाथ यांच्या गटांनी थर्मस थर्मोफायलस या जंतूत उलगडली. संकेत व प्रतिसंकेत यांची जुळणी झाली की, १६एस आरएनएतील १,४९२ व १,४९३ या क्रमांकांची ॲडेनिने बाहेर वळून पहिल्या दोन क्षारक-जोड्यांची घडण तपासतात. तिसऱ्या जोडीच्या बाबतीत मात्र ही तपासणी सैल असते. कोलिसीन ई३ चा छेद नेमका १,४९३ व १,४९४ यांच्यामध्ये पडतो, म्हणजे १९७१ मधील कोड्याचे उत्तर या संरचनेत मिळाले. स्टाइट्झ, रामकृष्णन् व योनाथ यांना २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नॉलर त्यात नव्हते, हे या इतिहासात खटकणारे आहे.

अनेक प्रतिजैव पदार्थ आरएनएच्या याच भागांना चिकटतात. एरिथ्रोमायसीन हे २३एस आरएनएतील २,०५८ व्या ॲडेनिनाजवळ बसून वाढत्या प्रथिनसाखळीची वाट अडविते. त्या एका ॲडेनिनाला मिथिल गट जोडणारे एंझाइम ज्या जंतूंना लाभते, त्यांच्यावर हे औषध निष्प्रभ ठरते.