यवतमाळ जिल्ह्यातील संवर्धित शेती आणि मृदा आरोग्याचे जैविक निर्देशक

संवर्धित शेती ही कमीत कमी मशागत, जमिनीवर सतत आच्छादन आणि पिकांची विविधता या तीन तत्त्वांवर आधारलेली शेतीपद्धती आहे. मातीतील सजीवांची संख्या, वस्तुमान व कार्य दर्शविणाऱ्या मोजमापांना मृदा आरोग्याचे जैविक निर्देशक म्हणतात. महाराष्ट्राच्या विदर्भ विभागातील यवतमाळ हा प्रामुख्याने कोरडवाहू कापसाचा जिल्हा असून तेथील काळ्या जमिनीचा कस टिकविण्याच्या दृष्टीने या दोहोंचा संबंध महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातील बहुतांश जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांत ती खोल व काळी, तर डोंगरउतारांवर उथळ व मुरमाड आढळते. काळ्या मातीतील चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. कापूस, सोयाबीन व तूर ही मुख्य खरीप पिके आहेत. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात पडतो. पीक निघाल्यानंतर जमीन अनेक महिने उघडी राहते आणि मे महिन्यात तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पारंपरिक पद्धतीत याच काळात नांगरणी व वखरणी केली जाते. पऱ्हाटी (कापसाची झाडे) उपटून सरपणासाठी वापरतात किंवा धुऱ्यावर जाळतात. यामुळे शेतात तयार झालेला सेंद्रिय पदार्थ मातीत परत जात नाही.

प्रमुख जैविक निर्देशक

- सूक्ष्मजीव जैवभार कर्ब : जिवंत सूक्ष्मजीवांच्या शरीरात साठलेला कर्ब. तो एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारणतः १ ते ५ टक्के असतो.
- मृदा श्वसन : सूक्ष्मजीवांनी ठरावीक काळात बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड. जैवभाराच्या मानाने श्वसन फार जास्त असल्यास ते सूक्ष्मजीवांवरील ताणाचे लक्षण असू शकते.
- विकरांची क्रियाशीलता : डिहायड्रोजिनेज हे विकर जिवंत पेशींमध्येच कार्य करत असल्याने एकूण जैविक हालचालीचे द्योतक ठरते. युरिएज नत्राच्या, तर फॉस्फेटेज स्फुरदाच्या उपलब्धतेशी संबंधित आहे.
- मायकोरायझा बुरशी : कापूस, तूर यांच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी. ती स्फुरद मिळवून देते व मातीचे कण बांधून ठेवण्यास मदत करते.
- गांडुळे व इतर मृदाप्राणी : मातीतील सच्छिद्रता व सेंद्रिय पदार्थाचे विघटन यांचे दृश्य निदर्शक.

एकूण सेंद्रिय कर्बात फरक दिसण्यास अनेक वर्षे लागतात. जैवभार व विकरे मात्र एक-दोन हंगामांतही प्रतिसाद देऊ शकतात. जमीन सुधारत आहे की खालावत आहे, याची पूर्वसूचना त्यांच्याकडून मिळते.

संवर्धित पद्धतींचे परिणाम

वारंवार नांगरणी केल्याने मातीचे कणसमूह फुटतात आणि त्यांत सुरक्षित असलेला सेंद्रिय पदार्थ हवेच्या संपर्कात येऊन वेगाने कुजतो. बुरशीचे तंतुजाळ तुटते व गांडुळांची बिळे मोडतात. मशागत कमी केल्यास वरच्या थरात जैवभार व विकरांची क्रिया वाढते. हा लाभ बहुधा पहिल्या काही सेंटिमीटरांत अधिक दिसतो.

आच्छादनामुळे बाष्पीभवन कमी होते, मातीचे तापमान मर्यादेत राहते आणि सूक्ष्मजीवांना अन्न मिळते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने किमान ३० टक्के जमीन झाकलेली असणे हा निकष मानला आहे. पऱ्हाटीत नत्राच्या तुलनेत कर्बाचे प्रमाण फार जास्त असते. ती थेट मातीत मिसळल्यास सूक्ष्मजीव काही काळ मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात. म्हणून तिचा भुगा शेणखत अथवा गिरीपुष्पाच्या कोवळ्या पाल्यासोबत कुजवणे उपयुक्त ठरते.

कापसात तुरीच्या ओळी घेण्याची रीत जिल्ह्यात जुनी आहे. तुरीच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात आणि तिची पानगळ जमिनीवर पडते. उताराला आडवी पेरणी, सरी-वरंबे यांसारख्या मूलस्थानी जलसंधारणाच्या उपायांनी ओलावा अधिक काळ टिकतो. कोरडवाहू जमिनीत सूक्ष्मजीवांची क्रिया मुख्यतः ओलाव्यावर अवलंबून असल्याने या उपायांचा जैविक परिणामही मोठा असतो.

संशोधन व प्रसार

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे (स्थापना १९६९) विभागीय कृषी संशोधन केंद्र यवतमाळ येथे आहे. अकोला येथील ज्वारी-गहू पिकांवरील दीर्घकालीन खत प्रयोगांत रासायनिक खतांसोबत शेणखत दिलेल्या जमिनीत सेंद्रिय कर्ब व जैविक क्रिया अधिक आढळल्या आहेत. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात यवतमाळचा समावेश होता. रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेले विना नांगरणीचे सगुणा तंत्र पुढे कापसासारख्या पिकांतही वापरले जाऊ लागले. यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांना नैसर्गिक शेतीतील कार्यासाठी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. नैसर्गिक शेती व संवर्धित शेती या पद्धती भिन्न आहेत, तथापि आच्छादन, पीकवैविध्य आणि जलसंधारण यांवर दोन्हींचा भर असतो.

मर्यादा व अडचणी

गुलाबी बोंडअळी ही येथील प्रमुख अडचण आहे. तिच्या अळ्या शेतात राहिलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत राहतात, तर कोष जमिनीतही आढळतात. म्हणून फरदड न घेणे, पऱ्हाटीचा नायनाट करणे व उन्हाळी खोल नांगरणी करणे यांची शिफारस केली जाते. यांतील शेवटचे दोन उपाय आच्छादन व शून्य मशागत या तत्त्वांच्या विरोधात जातात. हंगाम वेळेवर संपवणे, उरलेल्या बोंडांवर जनावरे चारणे, पऱ्हाटीचा भुगा करून तो पूर्ण कुजवल्यानंतरच शेतात पसरणे आणि पिकांची फेरपालट हे यातील मध्यम मार्ग मानले जातात.

विना नांगरणीत तणनाशकांवरील अवलंबित्व वाढू शकते. पिकांचे अवशेष चारा व सरपण म्हणूनही लागत असल्याने लहान शेतकऱ्यांना आच्छादनासाठी पुरेसे साहित्य मिळत नाही.

मापनाच्याही अडचणी आहेत. केंद्र शासनाच्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत (२०१५) १२ घटक तपासले जातात. त्यांत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व दुय्यम अन्नद्रव्ये आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये येतात, जैवभार किंवा विकरे येत नाहीत. शिवाय जैविक निर्देशक ऋतूनुसार बदलतात. उन्हाळ्यात गांडुळे खोल जातात, पावसानंतर वर येतात. त्यामुळे दरवर्षी एकाच हंगामात, सारख्या ओलाव्यात व एकाच खोलीवरून घेतलेल्या नमुन्यांचीच तुलना ग्राह्य धरली जाते. प्रयोगशाळा उपलब्ध नसल्यास खड्ड्यातील गांडुळे मोजणे किंवा सुती कापडाचा तुकडा काही आठवडे मातीत पुरून तो किती कुजला हे पाहणे, अशा सोप्या चाचण्यांतून ढोबळ अंदाज घेता येतो.