ऑटोमॅटिक पिकअप गिअर धरत नसेल तर आधी ऑइल बघा

हायलक्स, व्ही-क्रॉससारख्या ऑटोमॅटिक पिकअप आता आपल्या रस्त्यांवरही दिसतात. माल भरून चोर्ला किंवा आंबोली घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही. नाहीतर गिअर बदलताना दणका बसतो. अशा वेळी गॅरेजवाल्याने "बॉक्स उतरवावा लागेल" म्हटलं की लगेच होकार देऊ नका.

आधी ऑइल. ऑटोमॅटिकमध्ये ते नुसतं वंगण नसतं, त्याच्याच दाबाने आतले क्लच पकडतात. ऑइल कमी झालं की दाब पडतो, क्लच घसरतो, तापतो आणि शेवटी जळतो. ऑइल काळं पडून जळका वास येत असेल तर आत झीज झालीय असं समजा. अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिकच नसते. गाडी सपाट उभी करून, ऑइल ठरावीक तापमानाला आल्यावर प्लग काढून पातळी बघावी लागते. त्यामुळे थंड गाडीखाली वाकून कुणी "ऑइल ठीक आहे" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. आणि मॅन्युअल गाडीचं गिअर ऑइल इथे अजिबात चालत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच हवं.

गाडी एकाच गिअरवर अडकली असेल तर स्कॅनर लावून कोड लिहून घ्या. सोलेनॉइड, सेन्सर, कधी तर उतरलेली बॅटरीच कारण निघते.

बंद पडलीच तर दोरी बांधून ओढू नका. इंजिन बंद म्हणजे ऑइलचा पंप बंद, आणि चाकं फिरली की बॉक्स कोरडा घासतो. फ्लॅटबेड मागवा. फोर बाय फोरची चारही चाकं वर हवीत.