उस्मानाबादच्या बायकांनी दिलेला पुरावा

२ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधल्या एका शोधनिबंधात दोन आकडे आहेत : ३४ आणि ६४. दोन्ही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंचे, आणि दोन्ही तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांचे. पहिल्या गटात ३४,१२६ बायका होत्या. त्यांना एकदा एचपीव्ही या, या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या विषाणूची तपासणी देऊ केली होती. दुसऱ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना कोणतीच तपासणी देऊ केलेली नव्हती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या दोन गटांतल्या मृत्यूंमध्ये जवळजवळ निम्म्याचा फरक पडला. एका तपासणीने इतके जीव वाचू शकतात, हे मराठवाड्याच्या एका कोरडवाहू जिल्ह्यात सिद्ध झाले.

कर्करोगाविरुद्धच्या लढाईत मराठवाड्याकडे सुरुवातीला साधने फार थोडी होती. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. शहरात वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९५६ साली. त्याचे रुग्णालय म्हणजे सगळ्यांची ‘घाटी’. कर्करोगाच्या रुग्णांची मोजदाद करण्याचे काम मुंबईत १९६३ साली सुरू झाले. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने तिथे कर्करोग नोंदणी उभारली, आणि सत्तरच्या दशकात तिची शाखा औरंगाबादेतही आली. पण शहरातली नोंदणी रुग्णालये आणि प्रयोगशाळांच्या कागदांवर चालते. जो रुग्णालयात पोहोचतच नाही, तो त्या कागदांत येणार कसा?

याचे उत्तर १९८७ साली बार्शीत शोधले गेले. बार्शी सोलापूर जिल्ह्यात. पण तिथे सुरू झालेल्या देशातल्या पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने बार्शीबरोबर मराठवाड्यातले परांडा आणि भूम हे तालुकेही घेतले. एकूण गावे ३४६. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले, की रुग्ण येण्याची वाट पाहायची नाही. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना भेटत, अंगावरून अवेळी रक्त जाणे किंवा तोंडातली न भरणारी जखम अंगावर काढू नका असे सांगत, आणि संशयित रुग्णाला बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात आणत. खेड्यांत एकूण कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी निघाले. मात्र बायकांमध्ये पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा होता. याच चमूने १९९५ साली एक महत्त्वाचे निरीक्षण प्रसिद्ध केले : जागृती वाढली तशा या आजाराच्या बायका लवकरच्या टप्प्यात सापडू लागल्या. नोंद घ्यायला गेलेल्या माणसांनी केलेल्या बोलण्याचाच तो परिणाम होता.

माणसे ओळखीची, गावे मोजलेली, मृत्यूंचा माग घेण्याची पद्धत बसलेली. या तयारीवर उस्मानाबादची चाचणी उभी राहिली. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती सुरू केली. निबंधाचे पहिले लेखक डॉ. आर. शंकरनारायणन, दुसरे डॉ. नेने. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे चार गट. एका गटाला एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याला पेशींची पॅप तपासणी, तिसऱ्याला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्याला फक्त तपासणी कुठे होते याची माहिती. तपासणीच्या गटांतल्या दर पाचांपैकी सुमारे चार बायका आल्या. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर उपचार झाले.

निकाल स्पष्ट होता. पॅप तपासणी आणि डोळ्यांनी पाहणी यांच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. एचपीव्हीच्या गटात दिसली. आणखी एक आकडा मला तितकाच मोलाचा वाटतो. तपासणीत निर्दोष ठरलेल्या बायकांमध्ये पुढे कर्करोग होण्याचा दर पॅपच्या गटात लाखामागे १५.५ आणि पाहणीच्या गटात १६ होता. एचपीव्हीच्या गटात तो ३.७ होता. म्हणजे या तपासणीने ‘काळजी नाही’ म्हटले, तर त्या शब्दावर अधिक विसंबता येते. जिथे बाई पुन्हा तपासणीला येईल याची खात्री नाही, तिथे हा गुण सगळ्यांत मोठा.

चौथ्या गटाचा प्रश्न मात्र कागदोपत्री मिटलेला नाही. २०१४ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये अमेरिकी डॉक्टर एरिक सुबा यांनी लिहिले, की उस्मानाबादसह भारतातल्या तीन चाचण्यांत १,३८,६२४ बायकांना तपासणीविना ठेवले गेले आणि त्यांतल्या किमान २५४ जणी या कर्करोगाने गेल्या. संशोधकांचे म्हणणे असे, की देशात तेव्हा तपासणीची व्यवस्थाच नव्हती. तुलना प्रत्यक्षातल्या स्थितीशी होती. हा युक्तिवाद वस्तुस्थितीला धरून आहे. पण म्हणूनच निकाल हाती आल्यावरची जबाबदारी दुपटीने वाढते. ज्यांच्या मृत्यूने तुलना शक्य झाली, त्यांच्या लेकीसुनांना तरी तिचे फळ मिळायला हवे.

ते मिळाले का? २०१६ च्या केंद्रीय आराखड्याने ३० ते ६५ वर्षांच्या बायकांसाठी डोळ्यांनी पाहणीची पद्धत निवडली. निवड निराधार नव्हती : मुंबईच्या वस्त्यांतल्या चाचणीत दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा केलेल्या पाहणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते, आणि एचपीव्ही तपासणी महाग होती. पण पाहणीसुद्धा पोहोचली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी फक्त १.९ टक्के बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेली होती. याच काळात, २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही डीएनए तपासणीला पहिली पसंती दिली.

औरंगाबादेत २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले, आणि मराठवाड्यातल्या रुग्णांची मुंबईची वाट काही अंशी कमी झाली. हे मोठे पाऊल आहे. पण रुग्णालय आजार झालेल्यांची वाट पाहते. गर्भाशयमुखाचा कर्करोग त्याआधी कितीतरी वर्षे रोखता येतो. तो कसा रोखायचा, हे याच विभागातल्या गावांनी आपल्या बायकांच्या जिवावर जगाला दाखवून दिले आहे. भूम-परांड्यापासून कन्नड-सिल्लोडपर्यंतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशी ओलांडलेल्या बाईला एचपीव्ही तपासणी मोफत मिळणे, हा त्या पुराव्याचा साधा आणि न्याय्य मोबदला आहे.