अकरा वर्षांपूर्वीचे ठिगळ

२०१६च्या ऑक्टोबरची गोष्ट. फिल ओएस्टर हा लिनक्सचा जाणकार ज्या सर्व्हरची देखभाल करीत होता, त्यांपैकी एकात कुणीतरी शिरले. सर्व्हरवर बाहेरून येणारी एचटीटीपीची सगळी वाहतूक साठवून ठेवायची त्याला सवय होती. त्या साठ्यात घुसखोराने आणलेला एक छोटा प्रोग्राम सापडला. तो चालवून पाहिला, तर साधा वापरकर्ता काही सेकंदांत 'रूट' झाला, म्हणजे अख्ख्या यंत्राचा मालक!

या दोषाला पुढे 'डर्टी काऊ' हे नाव पडले. नाव ऐकून दचकू नका, गायीशी याचा काही संबंध नाही. 'कॉपी ऑन राइट' या तीन शब्दांची ती आद्याक्षरे आहेत.

मी शिक्षक, म्हणून शाळेच्या ऑफिसचे उदाहरण देतो. जनरल रजिस्टर सर्वांना पाहता येते, त्यात लिहिता येत नाही. कुणी लिहायचेच म्हटले तर क्लार्क त्या पानाची झेरॉक्स काढतो आणि सांगतो, "यावर काय ते लिही." मूळ पान सुरक्षित राहते. लिनक्सचे केंद्र, म्हणजे कर्नल, वाचण्यापुरत्या खुल्या फाइलबाबत हेच करते. आता समजा दोघे साथीदार आले. एक लिहायला मागतो आणि त्याच वेळी दुसरा ओरडतो, "ती झेरॉक्स नको, फेकून द्या." क्लार्कने झेरॉक्स दिल्याची नोंद मनात केलेली असते, पण झेरॉक्स तर टोपलीत गेलेली. तो पुन्हा हात घालतो, हाताला मूळ पान लागते, आणि लिहिणारा त्यावरच लिहून मोकळा होतो. असे हजारो वेळा करून पाहिले की एकदा तरी वेळ जुळतेच. संगणकाला हजार प्रयत्नांना कितीसा वेळ लागतो?

मूळ पानावर लिहिता आले की पासवर्डची फाइल बदला, नाहीतर मालकाच्या अधिकाराने चालणारा एखादा प्रोग्राम बदला. पुढचे सगळे आपोआप होते.

मला अस्वस्थ करणारा भाग वेगळाच आहे. दुरुस्ती करताना लिनस टोरवाल्ड्सने स्वतः लिहून ठेवले की हा दोष पुरातन आहे, अकरा वर्षांपूर्वी, म्हणजे २००५ साली, आपण तो बुजवायचा प्रयत्न केला होता, आणि तोही नीट नव्हता. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर त्या ठिगळाने अडचणी आल्या, म्हणून ते काढून टाकले. तेव्हा अशी वेळ जुळणे केवळ कागदोपत्री शक्य वाटत होते. २००७च्या २.६.२२ आवृत्तीपासून मात्र दोष खरोखर वापरता येण्याजोगा झाला आणि नऊ वर्षे तसाच राहिला. चूक स्वतःच्या नावाने मांडणारा माणूस मला आवडला, हेही सांगतो.

उपाय साधा होता. ४.८.३ आणि त्याच सुमाराच्या दुरुस्त आवृत्त्यांपैकी एक घ्यायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. हे 'पुन्हा सुरू करणे' अनेक जण विसरतात. नवे कर्नल डिस्कवर येऊन पडते, चालत राहते जुनेच. ज्यांना लगेच यंत्र बंद करता येत नव्हते, त्यांच्यासाठी रेड हॅटने एक तात्पुरती सोय सुचवली. दोष स्थानिक होता, म्हणजे आत आधी पाऊल असल्याशिवाय उपयोगाचा नव्हता. त्यामुळे यंत्रावर खाते कुणाकुणाला दिले आहे, हे तपासणेही आलेच.

पण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, आणि मोबाइलवर ते आधीचे पाऊल म्हणजे आपण स्वतः टाकलेले एखादे ॲप. गूगलची दुरुस्ती डिसेंबर २०१६मध्ये आली. तरीही सप्टेंबर २०१७मध्ये ट्रेंड मायक्रोने 'झेडएनआययू' नावाचा व्हायरस उघड केला. तो याच फटीतून फोनचा ताबा घेत होता. चाळीसहून अधिक देशांत सापडला, सर्वाधिक चीन आणि भारतात. दुरुस्ती तयार होऊन नऊ महिने झाले होते! पण कंपनीने अपडेट पाठवणे बंद केलेला, हातोहात फिरत आलेला स्वस्त फोन ज्याच्याकडे आहे, त्याने ती आणायची कुठून? माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरी असाच फोन असतो, आणि घरातले बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणखी एक बातमी आली. २०१६च्या दुरुस्तीतच, मोठ्या आकाराच्या पानांबाबत, नवी फट राहून गेली होती. तीही मग बुजवावी लागली.