धर्मग्रंथांतील नरमांसाच्या कथा : वाचाव्या कशा?



कामगारांच्या सभेत बोलण्याची आम्हांस सवय आहे. विद्वानांच्या व्यासपीठावर बोलण्याची नाही. शाळा आम्ही लवकर सोडली. पुढे जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत बसून. तेव्हा आजच्या विषयात पांडित्य शोधू नये. हा विषय आम्ही निवडला नाही. तो आमच्या दारात चालत आला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. येथेच, भाईंदर पश्चिमेला, आमच्या कचेरीत दुपारच्या सुटीत दोन कामगार जेवत होते. दहा वर्षे एका डब्यातली भाजी वाटून खाणारी ही माणसे. एक उत्तनकडचा ख्रिस्ती, दुसरा घाटावरचा शिवभक्त. कोणीतरी मोबाइलवर पाठवलेला मजकूर दुसऱ्याने मोठ्याने वाचला : “तुमच्या बायबलात आया पोरे शिजवून खातात!” पहिला तरी कशाला गप्प बसेल? तो म्हणाला, “आणि तुमचा देव पाहुणा होऊन यजमानाच्याच पोराचे मांस मागतो, त्याचे काय?” डबे वेगळे झाले. त्यांच्या मागे माणसेही वेगळी झाली, आणि बोनसच्या मागणीपत्रावर त्या आठवड्यात निम्म्याच सह्या पडल्या. मालकाला काही करावेच लागले नाही.

त्या रात्री आम्ही दोन्ही ग्रंथ उघडले. दोन्ही वाक्ये त्यांत आहेत, हे आधी कबूल केले पाहिजे. परंतु वाक्य सापडणे निराळे आणि त्याचा अर्थ लागणे निराळे. अर्थ लावण्यासाठी आम्हांस तीन प्रश्न उपयोगी पडले. कोण कोणाविषयी सांगतो आहे? त्या वेळी लोकांच्या पोटात अन्न होते काय? आणि ग्रंथ आज्ञा करतो आहे, हकीकत सांगतो आहे, की दाखला देतो आहे?

पहिला प्रश्न घेऊ. माणसे खाणारा बहुधा ‘दुसरा’ असतो. अरण्यातला, समुद्रापलीकडचा, नाहीतर शत्रूच्या पक्षातला. ख्रिस्ती धर्म नवा होता तेव्हा प्रभुभोजनात भाकर व द्राक्षारस घेताना ‘शरीर’ आणि ‘रक्त’ हे शब्द उच्चारले जात. रोमन लोकांनी ते अर्धवट ऐकले, आणि हे लोक पोरे मारून खातात अशी आवई उठवली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजच्या टर्टुलियनला या आरोपाचे खंडन लिहावे लागले. पुढे युरोपात ख्रिस्ती धर्माचे राज्य झाले, आणि तोच रक्ताचा आळ ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांवर घातला. १२३५ साली जर्मनीतील फुल्डा गावी त्यापायी यहुद्यांची कत्तल झाली. ज्याने आळ सोसला तोच आळ घेण्यास शिकला!

या आरोपात पैसाही असतो. कोलंबसाच्या सफरीनंतर, १५०३ साली, स्पेनच्या राणी इसाबेलाने नरभक्षक ठरवलेल्या कॅरिब लोकांना धरून गुलाम म्हणून विकण्याची परवानगी दिली. मग ज्या बेटावर मजूर हवे असतील त्या बेटावर नरभक्षक सापडू लागले, यात नवल ते काय? माणसाला एकदा माणूसपणाच्या बाहेर ढकलले, की त्याला मजुरी देण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता दुसरा प्रश्न. आमच्या मित्राने वाचून दाखवलेली हकीकत बायबलातील ‘राजे’ या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. अरामाच्या राजाने शोमरोन शहराला वेढा घातला होता. गाढवाच्या मुंडक्यालाही रुप्याचा भाव आला होता. अशा वेळी एक बाई राजापुढे येऊन ओरडते, की आम्ही दोघींनी करार केला होता. माझे मूल काल खाल्ले, आज हिने आपले लपवले आहे. हे ऐकून राजा आपली वस्त्रे फाडतो. ग्रंथाचा निकाल त्या फाटलेल्या वस्त्रांत आहे. ही उपासमारीची साक्ष आहे. तिला पाककृती समजणे हे वाचन नव्हे.

अशी साक्ष आपल्या भूमीचीही आहे. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन दुष्काळाने होरपळले. शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी आपल्या ‘बादशाहनाम्या’त लिहितो, की माणसे माणसांना खाऊ लागली, आणि लेकराच्या मायेहून त्याचे मांस प्रिय झाले. त्याच काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. दरबारी लेखणीने काही वाढवून लिहिले असेल. पण ती बादशहाच्या राज्याची अशी नालस्ती उगाच कशाला करील?

तिसरा प्रश्न दाखल्याचा. बौद्धांच्या संयुत्त निकायात ‘पुत्तमंस सुत्त’ आहे. वाळवंट ओलांडताना अन्न संपलेले जोडपे आपल्या एकुलत्या एका मुलाचे मांस खाऊन, ऊर बडवीत पलीकडे जाते. बुद्ध भिक्षूंना विचारतात, ते चवीसाठी खातील काय? प्रत्येक घास असाच समजावा, हा बोध. जैनांच्या ‘नायाधम्मकहा’ या आगमाच्या अठराव्या अध्ययनात अरण्यात सापडलेला धन्य सार्थवाह आणि त्याचे मुलगे चोराने मारलेल्या सुंसुमेच्या, म्हणजे स्वतःच्या मुलीच्या, देहावर प्राण जगवतात, बोध तोच. जैन मंदिरांनी गजबजलेल्या आपल्या या गावात कांदाही वर्ज्य मानणारी घरे आहेत. त्यांच्याच आगमात ही कथा आहे, ती जिभेला लगाम घालण्यासाठी. कुराणाच्या एकोणपन्नासाव्या सूरेत पाठीमागे निंदा करणे म्हणजे मेलेल्या भावाचे मांस खाणे, असे म्हटले आहे.

आमच्या धंद्याच्या माणसाला मात्र बकासुराचा दाखला सर्वांत जवळचा. महाभारतात एकचक्रा नगरीचा ब्राह्मण कुंतीला सांगतो, की येथला राजा दुबळा. शत्रूपासून रक्षण करतो तो बक. त्याबद्दल त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यावा लागतो. या देण्याला तेथे शब्द वापरला आहे ‘वेतन’! संरक्षणाच्या नावाखाली घराघरातून पाळीने माणूस वसूल करणारी ही व्यवस्था. ती फक्त पुराणातच असते काय, हे श्रोत्यांनीच ठरवावे.

आता चिलया बाळ. श्रीधरांनी १७१८ साली रचलेल्या ‘शिवलीलामृता’च्या चौदाव्या अध्यायातली ही कथा आपल्या आयाबायांनी रडत रडत ऐकली आहे. अतिथी नरमांस मागतो. श्रियाळ आणि चांगुणा पोटचा गोळा देतात. आईने डोळ्यांत पाणी न आणता त्याचे शिर उखळात कांडावे, अशी अट. कथा मूळची दक्षिणेची. बाराव्या शतकात शेक्किळारने तमिळ ‘पेरियपुराणा’त सिरुत्तोंडर या भक्ताची ती सांगितली, तेथे मुलाचे नाव सीराळन. कानडीत सिरियाळ झाला, मराठीत श्रियाळ. परंतु तमिळ असो वा मराठी, अतिथी त्या पानाला तोंड लावीत नाही. मुलाला हाक मारा म्हणतो, आणि मूल धावत येते. देव मांस खात नाही. मूल परत देतो. ज्या कथेत जेवण होतच नाही, तिला नरमांसभक्षणाची कथा कशी म्हणावी?

तरीही आमचे मन येथे पुरते शांत होत नाही. चांगुणेला कोणी विचारले होते? भक्तीची कसोटी लेकराच्या गळ्यावर का लागावी? हा प्रश्न आमच्या लोकांनाही पडला असावा, कारण त्यांनी दुसरा श्रियाळ जपला. श्रावण शुद्ध षष्ठीला काही गावांत श्रियाळ शेठची मातीची मूर्ती मांडतात आणि ती लवकरच विसर्जित करतात. लोककथा अशी, की दुर्गादेवीच्या दुष्काळात या शेठने आपली धान्याची कोठारे उघडली, म्हणून बादशहाने त्याला साडेतीन घटकांचे राज्य दिले. ‘औट घटकेचा राजा’ म्हणतात तो हाच. नाव एकच. पोथीतला श्रियाळ पोर देतो. लोकांच्या आठवणीतला श्रियाळ धान्य देतो. दोघे मुळात एक की दोन, हा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस एवढे दिसते, की दुसऱ्याने वेळेवर कोठार उघडले तर शोमरोनच्या बाईवर ती पाळी येत नाही.

त्या दोन मित्रांना आम्ही शोमरोन आणि श्रियाळ, दोन्ही अध्याय पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवले. वाद मिटला असे म्हणणार नाही. पण उत्तनचा मित्र चांगुणेपाशी गप्प झाला, आणि शिवभक्त त्या फाटलेल्या वस्त्रांपाशी. पुढच्या आठवड्यात मागणीपत्रावर उरलेल्या सह्या झाल्या. डबे एकत्र यायला मात्र पावसाळा उजाडला.

आमची विनंती एवढीच. दुसऱ्याच्या ग्रंथातले एक वाक्य कोणी तुमच्या हातात सुरीसारखे दिले, तर आधी अख्खा अध्याय वाचा. आणि देणाऱ्याला विचारा, कोठाराची किल्ली कोणाकडे आहे?